गालिच्यांच्या मुलखातली दगडी फरशी

वाराणसीच्या पोस्टिंगमध्ये एक गंमत लक्षात आली. हातविणीच्या गालिच्यांसाठी जगभर नाव असलेलं भदोही इथून जवळच, आणि जुन्या काशीतल्या घरांत मात्र पायाखाली उघडा दगड!

हा दगड चुनारचा. चुनार गंगेच्या वरच्या अंगाला. नावेत दगड भरला की प्रवाहच तो काशीला आणून सोडी, म्हणून वाहतूक स्वस्त. टिकाऊपणाची साक्ष सारनाथला आहे : अशोकाचा सिंहस्तंभ याच वालुकाश्माचा, सव्वादोन हजार वर्षांचा. काशीचे घाटही प्रामुख्याने याच दगडाचे. दर पावसाळ्यात ते पाण्याखाली जातात. 1978 चा महापूरही त्यांनी सोसला. पूर ओसरला की गाळ धुवायचा, झालं.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा जुना मराठी वस्तीचा भाग. यात्रेकरू इथल्या वाड्यांत उतरत. ओले पाय, चूल, तेल, माणसांची सततची ये-जा. बिऱ्हाडं बदलत, फरशी तीच राही. एखादी फुटली तर तेवढीच बदलायची.

एक इशाराही इथेच मिळतो. 1830 च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी बांधवलेला भव्य शिंदे घाट स्वतःच्याच भाराने खचला. दगड उत्तम होता, खालची जमीन दबली.

हे सांगायचं कारण, आपल्यापैकी अनेकांनी ग्रॅच्युइटीच्या पैशातून फ्लॅट घेऊन भाड्याने दिलाय. आधीच्या मालकाने भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं कार्पेट पावसाळ्यात ओल धरतं, कुबट वास मारतं आणि भाडेकरू टिकत नाही. ते काढा. खालचा कोबा ठोकून बघा. पोकळ वाजला तर आधी तो दुरुस्त करा. मग फरशी निवडा. शहाबादी किंवा कोटा स्वस्त आणि दणकट, पण दोन्ही चुनखडीचे. त्यांवर लिंबू सांडलं किंवा बाथरूमचं अ‍ॅसिड पडलं की डाग कायमचा. व्हिट्रिफाइड टाइल्सना ती भीती नाही. मात्र गुळगुळीत नको, खरखरीत घ्या, आणि एक खोका जादा घेऊन माळ्यावर ठेवा. चार वर्षांनी तोच रंग बाजारात मिळत नाही.

आणि गालिचा? भदोहीचा गालिचा मुळात अंथरायचा, झटकायचा, गुंडाळून ठेवायचा. आपल्या होल्डॉलमधल्या सतरंजीसारखा. तो भाडेकरूने आपला आणावा, जाताना घेऊन जावा. घरमालकाने फक्त जमीन पक्की द्यावी.