मधला 'धों.'

र. धों. कर्वे आणि ना. धों. महानोर. एकाने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, पुढे 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि त्यापायी आयुष्यभर शिव्याशाप झेलले. दुसरा पळसखेडचा शेतकरी कवी. या दोघांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे त्यांच्या नावाच्या मधोमध असलेले 'धों.'. ही आद्याक्षरे आपल्या तोंडात इतकी बसली आहेत की पूर्ण शब्द कोणता, हे सहसा कुणी विचारत नाही. रघुनाथ धोंडो. नामदेव धोंडो. दोघांच्याही वडिलांचे नाव धोंडो होते, आणि आज बालवाडीच्या हजेरीपटावर ते नाव शोधून सापडणार नाही.

धोंडो म्हणजे धोंडा, दगड. पोटच्या पोराला दगड म्हणायचे, हे आज विचित्र वाटते. ते का म्हटले जाई हे कळायला त्या काळच्या बाळंतिणीच्या खोलीत जावे लागते. देवी, गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, नाळ कापताना होणारा धनुर्वात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत आपल्या देशात जन्मलेल्या हजार मुलांतली दोनशेहून अधिक मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. त्यातही एखाद्या घरात ओळीने दोन-तीन मुले जात. अशा बाईबद्दल 'तिची मुलं जगत नाहीत' असे म्हणत. हे वाक्य फार साधे आहे, पण त्यात एका बाईचे सगळे तारुण्य जमा झालेले असे.

मग पुढचे मूल झाले की त्याला लपवायचे. ज्या कुणाची नजर आधीच्या मुलांवर पडली, मग ती दृष्ट असो, सटवाई असो की काळ असो, त्याला वाटले पाहिजे की इथे घेण्याजोगे काही नाही. त्यासाठी केवढे प्रकार केले जात! मूल जन्मताच शेजारणीला पसाभर कोंड्याच्या मोलाने विकायचे आणि मग तिचे म्हणून सांभाळायचे. कोंडिबा, कोंडाजी ही नावे तिथली, असे सांगतात. मुलाचे नाक टोचून त्याला मुलीसारखे वाढवायचे, तो नथू. उकिरड्यावर ठेवून दुसऱ्या बाईने 'सापडले' म्हणून उचलून आणायचे, तो उकिरडा किंवा केरू. पाच घरी भीक मागून त्या पैशाचे अंगडे शिवायचे, तो भिकू, भिकाजी. आणि काहीच न करता नुसते म्हणायचे की हा आमच्या घरातला दगड आहे, तो दगडू, तो धोंडू.

ही नावे गरिबाघरचीच होती, असा एक समज आहे. तो खरा नाही. लोकमान्य टिळकांना डेक्कन कॉलेजात गणित शिकवणारे केरूनाना छत्रे हे केरो लक्ष्मण होते. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांच्या वडिलांचे नाव भिकाजी होते. पुण्यातला सर्वांत प्रसिद्ध गणपती आजही दगडूशेठ हलवाई यांच्या नावाने ओळखला जातो. मृत्यू घर निवडत नव्हता, तेव्हा त्याला चकवणारी नावेही घर निवडत नव्हती. फरक पडे तो शेपटात. कोकणातल्या भटाब्राह्मणांत मोरो, नारो, विसो, दादो यांच्या चालीवर धोंडो होई आणि मोठेपणी त्याला पंत लागे. देशावर त्याचाच धोंडिबा, धोंडीराम, धोंडजी होई. मुलींचेही धोंडूताई व्हायचे. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी यांनी ते नाव मैफलींत नेले.

एक मात्र वेगळे काढायला हवे. धुंडिराज आणि धोंडो एकच, असे पुष्कळांना वाटते. धुंडिराज हा काशीचा ढुंढिराज गणपती, 'ढुंढ' म्हणजे शोधणे यावरून आलेला. चित्रपटांचे जनक दादासाहेब फाळके हे धुंडिराज गोविंद होते. त्यांच्या नावाचा दगडाशी संबंध नाही.

पण दगड म्हणजे केवळ टाकाऊ, एवढेच धरले तर हे नाव पुरते कळत नाही. मराठी मुलखात गावाच्या वेशीवर, शेताच्या बांधावर, पाणवठ्याशी जो धोंडा असतो, त्याला शेंदूर लागला की तो म्हसोबा होतो. त्याला नाक-डोळे नसतात, छिन्नी लागलेली नसते, तरी बाई चालता चालता थांबून त्याला हात जोडते. मुलाला धोंडा म्हणणारी आई हीच बाई होती. ऊन, पाऊस, वीज सोसून जागेवर राहणारी, रोगराईला दाद न देणारी एकच वस्तू तिच्या डोळ्यासमोर होती. म्हणून मला वाटते की या नावात फसवणूक आणि प्रार्थना दोन्ही आहेत. वरवर 'हा कुचकामाचा आहे' आणि आतून 'हा असाच टिकू दे'.

हे नाव इतिहासात अनपेक्षित ठिकाणी भेटते. हैदर आणि टिपूच्या म्हैसूरमधला मराठा शिपाईगडी धोंडजी वाघ, इंग्रजी कागदांतला धोंडिया, टिपूच्या कैदेत पडला होता. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, तो सुटला आणि वर्षभरात हजारोंची फौज उभी करून त्याने इंग्रजांना सळो की पळो करून सोडले. पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या आर्थर वेलस्लीने त्याचा महिनोन् महिने पाठलाग केला आणि १० सप्टेंबर १८०० रोजी कोनगलला तो लढाईत पडला. त्याच्या तळावर त्याचा लहान मुलगा सापडला. वेलस्लीने त्याला स्वतःच्या आश्रयाला घेतले आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्या शिक्षणासाठी पैसे मागे ठेवले. सत्तावन्नच्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचे नावही धोंडोपंत. १८२७ मध्ये बिठूरला दुसऱ्या बाजीरावाने त्यांना दत्तक घेतले, पण सरकारी कागदांनी त्यांचा धोंडोपंत सोडला नाही.

आणि कर्वे. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. विधवेशी स्वतः पुनर्विवाह, हिंगण्याचा आश्रम, १९१६ चे महिला विद्यापीठ, हे सगळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९५८ मध्ये, वयाची शंभरी भरली त्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२ च्या नोव्हेंबरात ते गेले, तेव्हा ते १०४ वर्षांचे होते. ज्या नावाने मुलासाठी चार वर्षांचे आयुष्य मागितले जाई, त्या नावाचा माणूस इतका जगला. त्यांच्याच मुलाने, रघुनाथाने, बायकांची एकामागून एक होणारी बाळंतपणे थांबावीत म्हणून आयुष्य वेचले.

दगडाचे नाव सगळ्यांनाच सारखे हलके गेले नाही. शूद्राचे नाव तुच्छता दाखवणारे असावे, असे मनुस्मृती सांगते. ज्यांना गावाने आधीच वेशीबाहेर ठेवले होते, त्यांच्या मुलाचा 'दगडू' म्हणून पुकारा झाला की त्यात आईची माया कुणाला ऐकू येणार? दगडू मारुती पवार लेखक म्हणून दया पवार झाले, आणि १९७८ च्या 'बलुतं'मध्ये त्याच दगडूला त्यांनी आपली कहाणी सांगायला लावली. आपल्याच जुन्या नावासमोर बसून बोलणारे असे पुस्तक मराठीत दुसरे मला माहीत नाही. 'नकुशा'ची गोष्टही याच पेटीत टाकू नये. धोंडू हा हवा असलेला मुलगा होता, नको असल्याचे सोंग फक्त यमासाठी होते. नकुशा ही मुलगी खरोखर नको होती आणि नाव तेच सांगत होते. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात २८५ नकुशांना समारंभाने नवी नावे दिली गेली, ते फार योग्य झाले.

धोंडो मात्र समारंभाशिवाय गेला. देवीची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली ती जून १८०२ मध्ये, मुंबईत, तीन वर्षांच्या एका मुलीला. तिथून १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरेपर्यंत पावणेदोन शतके गेली. २०२० मध्ये महाराष्ट्रात हजार जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या मुलांची संख्या १६ होती. भय ओसरले तसे नावातले सोंगही नकोसे झाले. मुले शाळेत जाऊ लागली, वर्गात धोंडूला चिडवू लागली आणि आईबापांनी पुढच्या मुलाचे नाव सुरेश ठेवले.

तरीही हे नाव एवढे दिवस टिकले, त्याला कारण आहे. आजोबांचे नाव नातवाला, ही आपली रीत. एका घरात एकदा भीतीपोटी धोंडो आला की दोन पिढ्यांनी तो पुन्हा येई, आणि तेव्हा त्या घरात एकही मूल गेलेले नसे. त्या वेळी ते नाव दगडाचे उरत नसे, आजोबांचे होई. ही रीत सैल झाली तसा धोंडो मधल्या नावात सरकला. मधले नाव मराठीत एकाच पिढीपुरते असते. वडील धोंडो असले तर मुलाच्या सहीत 'धों.' येतो, नातवाच्या सहीत येत नाही.

बारशाला अजून काही घरांत दोन नावे ठेवतात. एक जन्मदाखल्यावर जाते. दुसरे पाळण्यातले, गेलेल्या खापरपणजोबांचे. आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानाशी हात धरते, तिच्या पाठीवर बाकीच्या बायका धपाटे घालत असतात, आणि त्या गोंधळात ती ते नाव अगदी हळू सांगते, कुणाला ऐकू जाऊ नये इतके हळू.