वृद्धाश्रमात वीज गेली तर? तासांचा हिशेब आधीच मांडून ठेवा

मिरज : वळवाचा वारा सुटला की तालुक्यात सगळ्यात आधी लाईट जाते. तारेवर फांदी पडते, डीपीत फ्यूज उडतो. घरी आपण उंबऱ्यात बसून वाट बघतो. वृद्धाश्रमात मात्र कुणाचा ऑक्सिजन मशीनवर असतो, कुणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं, कुणाला कूस बदलायलाही माणूस लागतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. पुरात डीपी आणि उपकेंद्रं पाण्यात जातात, शॉक बसू नये म्हणून पुरवठा बंद ठेवावा लागतो. मग लाईट यायला काही दिवसही लागू शकतात.

सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात इर्मा वादळानंतर एका वृद्धाश्रमाचे एसी बंद पडले. उकाड्याने १२ वृद्ध दगावले. हॉस्पिटल अगदी शेजारी होतं, पण वेळेत हलवलं गेलं नाही. त्यानंतर त्या राज्यात वृद्धाश्रमांना जनरेटर सक्तीचा झाला.

इन्व्हर्टर किती तास चालतो?

१२ व्होल्ट, १५० एएचची चांगली बॅटरी प्रत्यक्षात सुमारे १२०० वॅट-तास देते. ५ लिटरचं ऑक्सिजन मशीन साधारण ३५० वॅट खातं, म्हणजे तीन-साडेतीन तास. चार पंखे आणि सहा एलईडी बल्बही जवळपास तेवढंच खातात. दोन्ही एकदम लावलं तर दीड तासात बॅटरी बसते. म्हणून लाईट गेल्याबरोबर टीव्ही आणि जादा पंखे बंद करायचे. मशीनसाठी साईन वेव्ह इन्व्हर्टरच घ्यावा.

आधीच करून ठेवायची कामं

- विजेवर कोण अवलंबून आहे त्याची यादी भिंतीवर लावा : नाव, कॉट नंबर, औषध, डॉक्टर आणि नातेवाईकांचा फोन.
- भरलेला ऑक्सिजन सिलिंडर, रेग्युलेटर आणि पाना एकत्र ठेवा. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर १२ तास पुरतो.
- इन्सुलिन घट्ट डब्यात घालून मातीच्या ओल्या माठात, सावलीत ठेवा. बर्फाला थेट लावू नका, गोठलेलं इन्सुलिन वापरू नका.
- हवेच्या गादीची मोटर थांबली की गादी बसते. दर दोन तासांनी कूस बदला.
- बोअरची मोटर बंद म्हणजे पाणी बंद. वरची टाकी भरलेली ठेवा, पिण्याचं पाणी वेगळं झाकून ठेवा.
- टॉर्च ठेवा. मेणबत्ती नको, ऑक्सिजनजवळ तर अजिबात नको.

जनरेटर आहे, पण...

जनरेटर खोलीत किंवा बंद व्हरांड्यात चालवू नका, धुरातल्या विषारी वायूने झोपेतच जीव जातो. चेंजओव्हर स्विच हवाच, नाहीतर करंट उलटा लाईनवर जाऊन खांबावरच्या वायरमनचा जीव धोक्यात येतो. जनरेटर आणि बॅटरी २०१९ च्या पाणखुणेच्या वर बसवा. महिन्यातून एकदा लोड देऊन अर्धा तास चालवा आणि डिझेल तपासा.

हलवायचं कधी?

बॅकअप अर्ध्यावर आला आणि लाईट कधी येईल ते कळत नसेल, तर ऑक्सिजनवरच्या माणसाला हॉस्पिटलला न्यायची तयारी सुरू करा. पूर येणार असेल तर रस्ता बंद व्हायच्या आधीच हलवा.

हे नंबर भिंतीवर लिहा

महावितरण : १९१२, १८००-२१२-३४३५, १८००-२३३-३४३५
रुग्णवाहिका : १०८
पोलीस : ११२
जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष : १०७७
ज्येष्ठांसाठी एल्डरलाईन : १४५६७

आई-वडील आश्रमात असतील तर पुढच्या भेटीत एवढं विचारा : लाईट गेली तर किती तास निभेल? घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर हाच हिशेब घरालाही लागू आहे.