बंगळूरभोवतीच्या वनवाटा आणि डोंगरी सायकल

बंगळूर शहराच्या वायव्य भागातील राजाजीनगर ही वसाहत भारताचे अखेरचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्या दक्षिणेकडून जाणारा मागडी रस्ता सावनदुर्गच्या ग्रॅनाइटच्या डोंगराकडे नेतो. उत्तरेकडील तुमकूर रस्ता पुढे बेळगाव, कोल्हापूर, सातारा या मार्गाने पुण्याला पोहोचतो. शहराच्या दक्षिणेस, कनकपुरा रस्त्यालगत, तुरहळ्ळीचे छोटे राखीव वन आहे. डांबरी रस्ता सोडून माती, खडक आणि झाडीतून सायकल चालविणाऱ्यांना ही ठिकाणे परिचित आहेत. मात्र या वाटा नेमक्या कोणाच्या, तेथे सायकल चालविण्याची परवानगी कोण देतो आणि चाकांमुळे वनाची हानी होते काय, हे प्रश्न या छंदाइतकेच महत्त्वाचे आहेत.

खेळाचा उगम

डोंगरी सायकलीचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, माउंट टॅमलपाइस या डोंगराच्या परिसरात झाला. १९७० च्या दशकात तेथील काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली मातीच्या रस्त्यांवरून उतरविण्यास प्रारंभ केला आणि १९७६ पासून त्यांच्या शर्यती होऊ लागल्या. तीव्र उतारावर मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. पुढे मजबूत सांगाडा, अधिक गियर, रुंद खाचदार टायर आणि धक्के शोषणारी यंत्रणा यांची भर पडली. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश करण्यात आला. भारतात २०२३ मध्ये केरळातील पोनमुडी येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरविण्यात आली.

ज्या डोंगरावर हा खेळ जन्मला, तेथील अनेक अरुंद पायवाटांवर १९८० च्या दशकात सायकलींना मनाई करण्यात आली. पादचारी आणि घोडेस्वार यांच्याशी होणारे खटके, तसेच मातीची धूप ही त्यामागील प्रमुख कारणे होती. त्यातूनच १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील सायकल मंडळांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि वाटा कशा आखाव्यात याचे नियम तयार होऊ लागले.

तुरहळ्ळीचा प्रश्न

तुरहळ्ळीचे वन सुमारे ६०० एकरांचे आहे. चहूबाजूंनी वाढलेल्या वसाहतींमध्ये ते बेटासारखे उरले आहे. येथील मोठमोठ्या शिळा गिर्यारोहणाच्या सरावासाठी प्रसिद्ध असून, त्यांच्यामधून जाणाऱ्या मातीच्या वाटा सायकलस्वारांना आकर्षित करीत आल्या आहेत. २०२१ च्या प्रारंभी या वनाच्या काही भागात वृक्षोद्यान उभारण्याची योजना वनविभागाने पुढे आणली. बांधीव वाटा आणि अन्य सोयी आल्यास वनाचे रूपांतर बागेत होईल, असा आक्षेप घेऊन नागरिकांनी तीव्र विरोध केला आणि ती योजना बाजूला ठेवण्यात आली.

या वादाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. वन हे वनच राहावे, हा युक्तिवाद मान्य केला तर तो सायकलींनाही लागू होतो. बागेसाठी बांधलेली वाट जशी वनावरील अतिक्रमण ठरते, तशीच प्रत्येक स्वाराने झुडपे मोडून पाडलेली नवी वाटही अतिक्रमणच ठरते. म्हणून मोजक्या वाटा ठरवून घेणे आणि उरलेले वन मोकळे सोडणे, हाच या खेळाला टिकवणारा मार्ग आहे.

कायदा काय सांगतो

कर्नाटकात राखीव वनांना १९६३ चा कर्नाटक वन अधिनियम लागू आहे. महाराष्ट्रात १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू आहे. दोन्ही कायद्यांनुसार राखीव वनात विनापरवाना प्रवेश हा गुन्हा ठरू शकतो. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू होतो. सार्वजनिक महामार्गावरून जाणारे, तेथील रहिवासी आणि कर्तव्यावरील शासकीय सेवक असे काही अपवाद वगळता तेथे जाण्यासाठी परवाना आवश्यक असतो. वाट पूर्वापार वहिवाटीची आहे किंवा भ्रमणध्वनीवरील नकाशात ती दिसते, एवढ्याने परवानगी मिळाली असे होत नाही. वणव्याच्या हंगामात आणि प्राण्यांचा वावर वाढल्यास वनविभाग प्रवेश बंद करू शकतो.

चाक आणि माती

सायकलीमुळे पायी चालण्यापेक्षा अधिक हानी होते काय, याचा शास्त्रीय अभ्यास झाला आहे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५०० फेऱ्यांपर्यंत पादचारी व सायकली यांच्या परिणामांची तुलना करण्यात आली. झाडोरा आणि माती यांच्यावरील परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ सायकल निरुपद्रवी आहे असा नव्हे. हानी किती होते, हे वाट कोठून जाते आणि ती केव्हा वापरली जाते यावर मुख्यतः अवलंबून असते.

धुपेचे खरे कारण पाणी हे आहे. सरळ उतारावरून खाली जाणारी वाट पावसात ओढा बनते. टायरने पडलेल्या चाकोरीतून पाणी वेगाने वाहते आणि माती घेऊन जाते. स्वार मग चिखल टाळण्यासाठी कडेने जातात आणि वाट रुंदावत जाते. यावर वाट आखणाऱ्यांनी काही साधे नियम निश्चित केले आहेत. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक असू नये. डोंगराचा उतार ३० टक्के असेल, तर वाटेचा चढ १५ टक्क्यांच्या आत ठेवावा. संपूर्ण वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या, म्हणजे १०० मीटर अंतरात १० मीटर उंचीच्या, जवळपास असावा. वाट बाहेरच्या बाजूस किंचित उतरती ठेवावी आणि ठरावीक अंतरावर तिला छोटा उलटा चढ द्यावा, म्हणजे पाणी वाटेवर न साचता बाजूला निघून जाते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. बंगळूर येथे वर्षाला सरासरी सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो; महाबळेश्वर येथे त्याच्या पाचपटीहून अधिक. सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर पावसाळ्यात ओल्या वाटेवरून सायकली नेल्यास एका हंगामातही मोठी घळ पडू शकते. कासच्या पठारावर मातीचा थर इतका पातळ आहे की वाट सोडून टाकलेले पाऊलही फुलांना घातक ठरते. तेथे चाकाविषयी वेगळे सांगावयास नको.

वन्यप्राणी आणि सुरक्षितता

सायकल वेगवान असून तिचा आवाज होत नाही. हा गुण शहरात उपयोगी असला तरी वनात धोकादायक ठरू शकतो, कारण प्राण्याला बाजूला होण्यास वेळ मिळत नाही. सावनदुर्गच्या परिसरात बिबटे आणि अस्वले आहेत. बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यानात हत्तींचा वावर आहे. अचानक समोर आलेल्या माणसावर अस्वल हल्ला करते, हे सर्वश्रुत आहे. त्यामुळे पहाटेच्या अंधारात व संध्याकाळनंतर अशा भागात जाणे टाळावे, वळणावर वेग कमी करून घंटी वाजवावी आणि एकट्याने जाऊ नये.

निघण्यापूर्वी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयात प्रवेशाची चौकशी करावी. शिरस्त्राण, सुटी ट्यूब, हवा भरण्याचा पंप, पुरेसे पाणी आणि प्रथमोपचाराचे साहित्य जवळ असावे. पाऊस पडून गेल्यावर वाट सुकेपर्यंत थांबावे. उतारावर चाक घसरवत ब्रेक लावू नये, पादचाऱ्यास आणि गुरे घेऊन येणाऱ्या ग्रामस्थास प्रथम वाट द्यावी आणि नवी वाट पाडू नये. हे नियम पाळले गेले, तर वनविभागाकडे ठरावीक वाटांसाठी रीतसर मागणी करण्याचा नैतिक अधिकार सायकलस्वारांना राहील. अन्यथा कॅलिफोर्नियाच्या त्या पहिल्या डोंगराप्रमाणे येथेही मनाईचा फलक लागण्यास वेळ लागणार नाही.