जस्त कोणाचं रक्षण करतं?

गेल्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मला थांबवून एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे घरामागच्या अंगणात मांस-मासळीला लाकडाची धुरी देऊन शिजवायची मोठी हौस. त्या साधनाला ‘स्मोकर’ म्हणतात. मुलाने जस्ती पत्र्याचा कचऱ्याचा कोरा डबा आणून त्याचाच स्मोकर करायचं ठरवलंय. ‘सर, हे चालेल का?’ प्रश्न दोन ओळींचा, पण त्याचं उत्तर इतिहासातून येतं. म्हणून आज तोच विषय घेतो.

जस्त हा मोठा चमत्कारिक धातू आहे. तांब्याचं खनिज भट्टीत घातलं की धातू वितळून तळाशी जमतो. जस्ताचं तसं नाही. ते 907 अंश सेल्सिअसला उकळतं आणि खनिजातून सुटायला त्याहून अधिक उष्णता लागते. म्हणजे हा धातू जन्मतो तोच वाफ होऊन, आणि हवा लागली की जळून त्याची पांढरी भुकटी होते. राजस्थानात उदयपूरजवळ झावर इथे कारागिरांनी यावर उपाय काढला. मातीच्या बंद मुशी उलट्या मांडून त्यांनी ही वाफ खालच्या थंड भांड्यात उतरवली. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते 1738 साली; झावरचं काम त्याच्या कितीतरी शतकं आधीचं. आपल्याला यातून एवढंच लक्षात ठेवायचंय, की आगीत उडून जाणं हा जस्ताचा स्वभाव आहे.

पुढे 1837 मध्ये फ्रान्समध्ये सोरेल याने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. गॅल्व्हानी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावावरून तिला गॅल्व्हनायझिंग म्हणतात. यात खुबी अशी, की जस्त लोखंडापेक्षा लवकर झिजतं. पाणी आणि हवा लागली की आधी ते स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं. आपल्या बादल्या, पिंपं, छपराचे पत्रे त्यामुळेच टिकले.

आता याच्या शेजारी आपली कल्हई ठेवून बघा. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. म्हणून कल्हईवाला दारात भाता लावून, नवसागर टाकून, भांड्याला आतून कथील फासायचा. वरवर पाहता दोन्हीकडे एका धातूवर दुसऱ्या धातूचा थर. पण कल्हई जेवणाऱ्यासाठी होती, जस्ताचा थर लोखंडासाठी आहे. रक्षण कोणाचं आणि कशापासून, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

आता स्मोकरकडे येऊ. धोके दोन. पहिला आगीचा. 1862 मध्ये ग्रीनहाऊ या इंग्रज डॉक्टरांनी पितळ ओतणाऱ्या कामगारांच्या तापाचं वर्णन केलं. पितळेत जस्त असतंच. त्याचा धूर छातीत गेला की काही तासांनी हिवतापासारखी थंडी वाजते, अंग मोडून येतं. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पण म्हणून तो घरात आणावा असं नाही.

दुसरा धोका आंबटाचा. जस्त आम्लात विरघळतं. आंबट पेयं जस्ती भांड्यात ठेवल्याने माणसांना ओकाऱ्या आणि पोटात कळा आल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. आणि लाकडाच्या धुरातही सिरक्यातलं आम्ल असतंच बरं का!

काही जण म्हणतात, ‘आम्ही वर्षानुवर्षं वापरतोय, काही झालं नाही.’ ते खोटं बोलत नाहीत. मांस टांगतात तिथे उष्णता साधारण शंभर-सव्वाशे अंश. जस्त वितळतं सुमारे 420 अंशांना. पण खाली फुललेल्या कोळशाला टेकलेला पत्रा यापेक्षा फार तापतो. शिवाय आम्ल असलेला धूर पत्र्यावर थंड होऊन थेंब बनतो आणि खालच्या अन्नावर ठिबकतो. ‘आधी जाळ करून जस्त उडवून टाकू’ ही युक्ती तर सर्वांत वाईट. जो धूर टाळायचा, तोच आपण मुद्दाम करतो. आणि सगळं जस्त गेलं, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणार कसं?

तेव्हा त्या गृहस्थांना माझं उत्तर असं: चिरंजीवांना सांगा, आग, जाळी आणि अन्न यांच्याजवळ जस्त नको. साधं बिनथराचं पोलाद, बीड, स्टेनलेस स्टील किंवा सरळ विटा वापराव्यात. बाहेरच्या पायांना जस्ती नळी लावली तर हरकत नाही. आणि तो कोरा डबा फुकट जाणार नाही. ज्या कामासाठी तो केलाय, ते काम तो उत्तम करेल.