तडित् ऊर्जा आणि तिच्या उपयोगाचे प्रयत्न

तडित् ऊर्जा : गर्जन मेघात साचलेल्या विद्युत् भाराचे मेघातल्या मेघात, दोन मेघांदरम्यान अथवा मेघ व जमीन यांदरम्यान विसर्जन होताना मुक्त होणारी ऊर्जा. या विसर्जनालाच व्यवहारात वीज चमकणे किंवा वीज पडणे असे म्हणतात. विजेचा लखलखाट, गडगडाट व तिने होणारा विध्वंस पाहून तीत अमर्याद ऊर्जा असावी, असा समज रूढ झाला. ही ऊर्जा साठवून वापरण्याचे प्रयत्नही वेळोवेळी झाले. त्यांतून व्यवहार्य ऊर्जास्रोत मिळाला नाही; तथापि तडित् संरक्षण, उच्च विद्युत् दाबाचे तंत्र व वातावरणीय विद्युत् विज्ञान यांच्या विकासास त्यांचा मोठा हातभार लागला.

आरंभीचे प्रयोग : वीज व प्रयोगशाळेत घर्षणाने निर्माण होणारी ठिणगी ही एकाच स्वरूपाची आहेत, हे पडताळून पाहण्याची रीत बेंजामिन फ्रँक्लिन (१७०६–९०) यांनी १७५० मध्ये सुचविली. तीनुसार १० मे १७५२ रोजी फ्रान्समधील मार्ली-ला-व्हील येथे दालिबार यांनी उभारलेल्या उंच लोखंडी दांड्यातून मेघ डोक्यावर असताना ठिणग्या मिळाल्या. त्याच वर्षी फ्रँक्लिन यांनी फिलाडेल्फियात पतंगाच्या ओल्या दोरीतून आलेल्या विद्युत् भाराने लायडन पात्र (विद्युत् भार साठविण्याचे काचेचे पात्र) भारित केले. आकाशातील वीज भांड्यात साठविण्याचा हा पहिला प्रसिद्ध प्रयोग होय. मात्र पतंगावर प्रत्यक्ष वीज पडली नव्हती. मेघाच्या विद्युत् क्षेत्रामुळे दोरीत आलेला अल्प भार तेवढा गोळा झाला होता. हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे पुढल्याच वर्षी दिसून आले. सेंट पीटर्झबर्ग येथे ऑगस्ट १७५३ मध्ये असाच प्रयोग करीत असताना गेओर्ख व्हिल्हेल्म रिखमान (१७११–५३) हे विजेच्या आघाताने मृत्यू पावले. फ्रँक्लिन यांनी स्वतः या ज्ञानाचा उपयोग ऊर्जा मिळविण्यासाठी नव्हे, तर वीज सुखरूप जमिनीत उतरवून देणारा तडित् संवाहक बनविण्यासाठी केला.

वातावरणातून शक्ती मिळविण्याच्या योजना : निरभ्र हवामानातही जमिनीजवळच्या हवेत दर मीटर उंचीस सु. १०० व्होल्ट इतका विद्युत् दाबातील फरक असतो. हवेतील विजेचे अस्तित्व अठराव्या शतकातच लक्षात आले होते. अमेरिकेतील माहलन लूमिस (१८२६–८६) यांनी पतंगांच्या साहाय्याने वातावरणीय विजेवर चालणाऱ्या बिनतारी संदेशवहनाची कल्पना मांडली व १८७२ मध्ये तिचे एकस्व (पेटंट) मिळविले. हेरमान प्लाउझोन यांनी १९२० च्या सुमारास धातूचा मुलामा दिलेले फुगे उंच सोडून हवेतील वीज गोळा करण्याची व तिच्यावर यंत्रे चालविण्याची तपशीलवार योजना प्रसिद्ध केली. तिला १९२५ मध्ये अमेरिकेत एकस्वही मिळाले.

या योजनांतील मूळ उणीव सी. टी. आर. विल्सन (१८६९–१९५९) यांच्या व त्यांच्यानंतरच्या संशोधनाने उघड झाली. वातावरणाचा उच्च स्तर व जमीन यांत सु. अडीच लाख व्होल्ट दाबाचा फरक असून गर्जन मेघ तो टिकवून धरतात. परंतु निरभ्र हवेतून साऱ्या पृथ्वीवर मिळून वाहणारा प्रवाह सु. एक हजार ते दीड हजार अँपिअर इतकाच आहे. म्हणजे ही संपूर्ण शक्ती ४०० मेगॅवॉटपेक्षाही कमी भरते. महाराष्ट्रातील एकट्या कोयना जलविद्युत् प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगॅवॉट आहे, हे लक्षात घेता सर्व पृथ्वीवर फुगे सोडूनही हाती काय आले असते याची कल्पना येते.

माँते जेनेरोसो येथील प्रयोग : विजेपासून ऊर्जेऐवजी केवळ उच्च दाब मिळवावा, या हेतूने झालेला सर्वांत धाडसी प्रयत्न बर्लिन विद्यापीठातील आर्नो ब्राश, फ्रिट्स लांगे व कुर्ट उर्बान यांचा होय. अणुकेंद्राचा भेद करण्यासाठी कणांना मोठी गती देणे आवश्यक होते व त्यासाठी लागणारा विद्युत् दाब त्या वेळच्या यंत्रांपासून मिळत नव्हता. १९२७ व १९२८ च्या उन्हाळ्यांत या तिघांनी स्वित्झर्लंड-इटली सीमेवरील माँते जेनेरोसो या पर्वतावर दोन सुळक्यांदरम्यान निरोधकांनी टांगलेली लांब तार व जाळी उभारली. वादळात तिच्यापासून कित्येक मीटर लांबीच्या ठिणग्या मिळाल्या व दाब दशलक्षावधी व्होल्टपर्यंत चढला. १९२८ मध्ये उर्बान यांचा पर्वतावरून पडून मृत्यू झाला. ब्राश व लांगे यांनी नंतर बर्लिनच्या प्रयोगशाळेत कृत्रिम रीत्या उच्च दाब निर्माण करून आपले संशोधन चालू ठेवले. पुढे १९३२ मध्ये केंब्रिज येथे कॉकक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी सात लाख व्होल्टच्या आतील दाबानेच लिथियमाच्या अणुकेंद्राचा भेद केला. मेघांतील दाबाची त्यासाठी गरज उरली नाही.

कृत्रिम तडित् : विजेचे अनुकरण मात्र विजेहून अधिक उपयुक्त ठरले. हेन्री कॅव्हेंडिश (१७३१–१८१०) यांनी हवेत ठिणग्या पाडल्या असता नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रिक अम्ल मिळते, असे दाखविले होते. निसर्गात वीज हेच कार्य करते व तिच्यामुळे दरवर्षी सु. ५० लाख टन नायट्रोजन संयुग रूपात येतो, असा अंदाज आहे. याच तत्त्वावर क्रिस्टियान बिर्केलान व साम आइडे यांनी १९०३ मध्ये नॉर्वेत विद्युत् प्रज्योतीची भट्टी तयार केली आणि १९०५ पासून नोटोडेन येथे खतनिर्मिती सुरू झाली. या पद्धतीत एक टन अम्लासाठी सु. १५,००० किलोवॉट-तास वीज खर्ची पडे. त्यामुळे हाबर-बॉश पद्धतीपुढे ती टिकली नाही. चार्ल्स स्टाइनमेट्स (१८६५–१९२३) यांनी १९२२ मध्ये अमेरिकेत कृत्रिम तडित् निर्माण करणारे यंत्र उभारले. विद्युत् वाहिन्यांचे निरोधक व तडित् रोधक यांची कसोटी आजही अशा प्रकारच्या यंत्रांवर घेतली जाते.

ऊर्जेचे परिमाण : विजेची शक्ती प्रचंड असली, तरी तिची ऊर्जा बेताची असते. जमिनीवर पडणाऱ्या विजेतील प्रवाह सु. ३०,००० अँपिअरपर्यंत चढतो व तिच्या मार्गातील हवेचे तापमान सु. ३०,००० अंश केल्व्हिन होते; पण हा प्रवाह सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांतच ओसरू लागतो. सर्वसाधारण विजेत एकंदर सु. एक अब्ज जूल, म्हणजे सु. २८० किलोवॉट-तास (युनिट) ऊर्जा असते. मध्यमवर्गीय कुटुंबास ती दोन-तीन महिने पुरेल. यांपैकी बहुतेक ऊर्जा वाटेतच हवा तापविण्यात, प्रकाशात व गडगडाटात खर्च होते. आघातस्थानी पोहोचणारा भाग एक टक्का किंवा त्याहूनही कमी असतो.

पृथ्वीवर दर सेकंदास १०० विजा चमकतात, असा अंदाज १९२५ मध्ये ब्रुक्स यांनी केला होता. उपग्रहांवरील निरीक्षणांवरून ही संख्या सु. ४५ ठरली आहे. या सर्व विजांची सर्व ऊर्जा मिळाली, असे मानले तरी सरासरी शक्ती सु. ४५ गिगॅवॉट भरेल. २०२३ मधील जागतिक वीजनिर्मितीची सरासरी सु. ३,४०० गिगॅवॉट होती. शिवाय सु. तीनचतुर्थांश विजा जमिनीपर्यंत येतच नाहीत.

अडचणी : वीज कोठे व केव्हा पडेल हे आधी निश्चित सांगता येत नाही. तिच्या मार्गात ठेवलेल्या साधनांना क्षणिक पण अतितीव्र प्रवाह सहन करावा लागतो आणि उरलेला काळ ती निरुपयोगी पडून राहतात. स्वित्झर्लंडमधील झेंटिस शिखरावरील १२४ मी. उंचीच्या मनोऱ्यावर वर्षाला सु. १०० तडिताघात होतात. प्रत्येकाची सर्व ऊर्जा साठविता आली, असे गृहीत धरले तरी वर्षभराची सरासरी शक्ती सु. ३ किलोवॉट येते. घराच्या छपरावरील सौर पट्टांपासूनही एवढी शक्ती भर उन्हात मिळते.

अलीकडील प्रयत्न : २००७ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने मनोऱ्याद्वारे वीज पकडून साठविण्याचा प्रयत्न केला, तो सोडून द्यावा लागला. २०१३ मध्ये इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठात सु. दोन लाख व्होल्टच्या कृत्रिम ठिणगीवर भ्रमणध्वनी भारित करून दाखविण्यात आला; अर्थात ही ठिणगी पाडण्यास लागलेली वीज नेहमीच्या वाहिनीतूनच घेतली होती. याउलट वीज हवी तेथे उतरविण्याच्या प्रयोगांना बरेच यश आले. बारीक तार जोडलेला अग्निबाण मेघाकडे सोडून वीज जमिनीवर आणण्याचे प्रयोग १९७३ पासून फ्रान्समध्ये व १९९३ पासून फ्लॉरिडातील कॅम्प ब्लँडिंग येथे झाले. २०२१ च्या उन्हाळ्यात झेंटिस येथे लेसर शलाकेने विजेला ५० मी.हून अधिक अंतर ठरावीक दिशेने नेण्यात आले. या प्रयोगांचा हेतू ऊर्जा मिळविणे हा नसून विजेचे स्वरूप जाणणे व तिच्यापासून संरक्षण करणे हा आहे.

मेघातील खरी ऊर्जा विजेत नसून पाण्याच्या बाष्पात असते. दहा चौ. किमी. क्षेत्रावर एक सेंमी. पाऊस पडतो, तेव्हा बाष्पाच्या संघननाने मुक्त होणारी उष्णता सु. अडीच लाख विजांच्या ऊर्जेइतकी असते. ही उष्णता हवेत विखुरते. परंतु सूर्याने उंचावर नेलेले तेच पाणी धरणांत अडवून त्यापासून शक्ती मिळविता येते व तो मार्ग मानवाने केव्हाच अवलंबिला आहे.

भारतात अलीकडील काळात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरण पावतात. त्यांत शेतात व उघड्या माळावर काम करणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विजांचे स्थान निश्चित करणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले असून ‘दामिनी’ या भ्रमणध्वनी-प्रणालीद्वारे धोक्याची पूर्वसूचना दिली जाते. सूचना मिळताच झाडाचा आसरा न घेता पक्क्या इमारतीत जाणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. विजेच्या अभ्यासातून मिळणारा प्रत्यक्ष लाभ ऊर्जेचा नसून अशा जीवितरक्षणाचा आहे.