मोटारीचा लगाम

अपघाताच्या बातमींत एक वाक्य बहुधा ठरलेलें असतें : 'ब्रेक निकामी झाल्यानें चालकाचा ताबा सुटला.' हें वाक्य आलें कीं वाचणाराचें कुतूहल शमतें, पंचनामा लिहिणाराची लेखणी थांबते, आणि जणूं वीज कोसळली असावी अशा समजुतीनें पान उलटलें जातें. वस्तुतः ब्रेक ही माणसानें घडविलेली वस्तु आहे. ती निकामी होते ती कांहीं कारणानें होते, आणि तें कारण पुष्कळदां अपघाताच्या बऱ्याच आधीं उत्पन्न झालेलें असतें. तें कारण शोधावयाचें कोणी आणि त्याची नोंद ठेवावयाची कोठें, हा प्रश्न ब्रेकच्या इतिहासांत पुन्हां पुन्हां उभा राहिलेला दिसतो.

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, हें या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य असें ठिकाण आहे. शहर पठारावर वसलें आहे, आणि उत्तरेस खानदेशांत उतरावयाचें तर अजिंठ्याची डोंगररांग ओलांडल्यावांचून गत्यंतर नाहीं. फर्दापूरकडे एक उतार आहे, तर कन्नड व चाळीसगांव यांच्या दरम्यान औट्रम घाट आहे. ज्या जेम्स औट्रमनें १८२५ सालीं खानदेशांत भिल्ल पलटण उभारण्यास आरंभ केला, त्याचेंच नांव या घाटास मिळालें. दौलताबादेहून खुलताबादेस व तेथून वेरुळास जाणारा रस्ताही सपाट नाहीं. या वाटांनीं कापूस, मका, आलें आणि भाजीपाला घेऊन धांवणाऱ्या उघड्या हौद्याच्या लहान मालमोटारींना आज सर्वत्र 'पिकअप' म्हणतात. ब्रेकविषयींच्या तक्रारी ज्यांच्या तोंडीं वरचेवर ऐकूं येतात, ते या पिकअपचे मालक होत.

मोटार येण्यापूर्वीं उतार नव्हते असें नाहीं. बैलगाडीचा गाडीवान उतारास लागला कीं आडवा लांकडी दांडा दोरीनें ओढून चाकाच्या धावेवर दाबी. उतार फारच असला तर गाडीमागें ओंडका बांधून तो फरफटत नेई. इंग्लंडांतील डर्बीशायरच्या डोंगराळ भागांतही रीत निराळी नव्हती. तेथील गाडीवान चाकावर दाबावयाच्या ठोकळ्यास जुने बूट ठोकून बसवीत, आणि तें पाहूनच हर्बर्ट फ्रूड याला ब्रेकच्या अस्तराची कल्पना सुचली, असें सांगतात. १८९७ सालीं त्यानें या धंद्यास आरंभ केला. पुढें जगांतील असंख्य मोटारींच्या ब्रेकांना जें अस्तर लागलें, त्याचें मूळ असें गाडीवानाच्या पायतणांत आहे.

आगगाडीनें या विषयांत एक मोठा धडा घालून दिला. मुंबईहून पुण्यास येणारी गाडी १८६३ सालीं बोरघाट चढूं लागली, तेव्हां सदतिसास एक इतका तीव्र चढ असलेल्या त्या मार्गावर इंजिनियरांनीं केवळ ब्रेकवर विसंबून राहणें धोक्याचें मानलें. अनावर झालेली गाडी वळवून घेण्यासाठीं त्यांनीं चढावर जाणारे बाजूचे रूळ घातले. ब्रेक कधीं तरी दगा देणार, हें गृहीत धरूनच ती योजना होती. अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें १८६९ सालीं हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक काढला. पण त्यांत एक उणीव होती. नळी फुटली कीं ब्रेक नाहींसा होई. १८७२ सालीं त्यानें ती रचनाच उलटी केली. आतां नळींत हवा असेपर्यंत ब्रेक मोकळा राही, आणि नळी फुटली कीं तो आपोआप लागे. दोष उत्पन्न झाला तर गाडी सुटूं नये, थांबावी, हें तत्त्व येथें सिद्ध झालें. आजच्या अवजड मालमोटारींतील हवेच्या ब्रेकांतही हेंच तत्त्व आहे. हवेचा दाब गेला कीं स्प्रिंगा सुटतात आणि चाकें जखडतात.

लहान मोटारींना हा धडा मिळण्यास फार काळ जावा लागला. फोर्डच्या प्रसिद्ध 'टी' मोटारीचा पायानें दाबावयाचा ब्रेक चाकांवर नव्हे, तर गिअरपेटींत लागत असे. तेथून चाकापर्यंतच्या सांखळींतील एखादा दुवा तुटला तर पायाखालचा ब्रेक व्यर्थ होई. पुढच्या चाकांना तर ब्रेकच नव्हते. १९२५ सालीं फोर्डनें याच मोटारीवर कारखान्यांतच मागें उघडा हौदा बसवून ती विकावयास आरंभ केला, आणि आजच्या पिकअपची परंपरा तेथून सुरू झाली. म्हणजे माणसें वाहण्यासाठीं केलेल्या गाडीवर माल चढला. ब्रेक मात्र पूर्वींचेच राहिले.

तोंवर माल्कम लॉकहीड यानें द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक सिद्ध केले होते. १९२१ सालीं अमेरिकेंतील ड्युसेनबर्ग मोटारीस ते चारी चाकांवर लागले. बंद नळींतील द्रवावर दाब दिला असतां तो सर्वत्र सारखा पोंचतो, हा पास्कलचा नियम शाळेंत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. त्याच नियमावर हे ब्रेक चालतात. फोर्डनें मात्र ते १९३९ च्या मोटारींपासून स्वीकारले.

याच सुमारास हिंदुस्थानांत मोटारी वाढल्या. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. औरंगाबाद तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्यांत १९३२ सालीं रेल्वे खात्यानेंच सत्तावीस मोटारी घेऊन रस्त्यावरील वाहतुकीस आरंभ केला. उतारूंची वाहतूक अशी एका शिस्तबद्ध खात्याच्या हातीं आली. मालाची वाहतूक मात्र पुढें बव्हंशीं एकेकट्या मालकाच्या हातीं राहिली. १९५८ सालीं बजाज टेंपो ही कंपनी निघाली, आणि 'टेंपो' हा शब्द इतका रुळला कीं कोणत्याही कंपनीची लहान मालगाडी टेंपो या नांवानें ओळखली जाऊं लागली. २००५ सालीं टाटांची 'एस' गाडी आली. तिला लोक 'छोटा हत्ती' म्हणतात. गाडीस हत्ती म्हटलें कीं तिच्यावर हत्तीचा भार घालण्याचा मोह होणारच.

येथें थोडा हिशेब करणें अवश्य आहे. मालासह तीन टन वजनाची गाडी शंभर मीटर उंचीवरून खालीं उतरली, तर तिच्या वजनांतून मोकळी होणारी शक्ति सुमारें नऊ लिटर थंड पाणी उकळविण्याइतकी असते. इंजिनानें आणि वाऱ्यानें त्यांतील वांटा उचलला नाहीं, तर ही सारी उष्णता ब्रेकच्या लोखंडांत व अस्तरांत जाते. घाटमाथा आणि चाळीसगांव यांच्या दरम्यान असे शंभर मीटर एकाहून अधिक वेळां मोजावे लागतात. वजन दीडपट केलें कीं उष्णताही दीडपट होते. भाडें जास्त मिळालें, एवढें मालकास दिसतें. ब्रेकवर पडलेला जादा बोजा दिसत नाहीं.

ब्रेक निकामी झाला असें म्हणतांना चालक तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दांत सांगत असतो. पहिल्या प्रकारांत पायाखालची पट्टी मऊ होऊन थेट तळाशीं जाते. अशा वेळीं तेल गळलेलें असतें, किंवा तापून त्याची वाफ झालेली असते. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि ओल शिरली कीं तें लवकर उकळतें. म्हणून तें ठराविक मुदतीनें बदलावें लागतें. दुसऱ्या प्रकारांत पट्टी घट्ट लागते, पण गाडी थांबत नाहीं. येथें अस्तर अतिशय तापून त्याची पकड गेलेली असते. तिसऱ्या प्रकारांत पट्टी दगडासारखी कठीण होते. इंधन वांचविण्यासाठीं उतारावर इंजिन बंद केलें, तर पायाच्या जोरास साहाय्य करणारी निर्वात यंत्रणा दोनतीन दाबांतच संपते. त्या वेळीं ब्रेक शाबूत असूनही चालकास तो निकामी भासतो. पहिला दोष देखभालीचा किंवा कारखान्याचा असूं शकतो, दुसरा बहुधा भाराचा, आणि तिसरा संवयीचा. तिन्हींना एकच नांव दिलें कीं उपायाची वाटच बंद होते.

याशिवाय एक सूक्ष्म गोष्ट आहे. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीस मागच्या चाकांवर सारखाच ब्रेक चालत नाहीं. म्हणून अनेक पिकअपमध्यें हौदा किती दबला आहे हें पाहून मागचा ब्रेक कमीअधिक करणारी एक झडप असते. मालक जास्त मालासाठीं कमानींना जादा पाटे बसवितो. मग भरलेला हौदाही फारसा दबत नाहीं. झडपेस गाडी हलकी वाटते, आणि ज्या वेळीं मागच्या ब्रेकची सर्वांत अधिक गरज असते, त्याच वेळीं तो कमी मिळतो. असा फेरफार करणारा मनुष्य दुष्ट नसतो. हप्ता फेडावयाचा असतो, आणि जाधववाडीच्या बाजारांत पहांटे माल पोंचवावयाचा असतो. पण यंत्रास माणसाची अडचण समजत नाहीं.

असें असलें तरी सर्व दोष मालकाच्या माथीं मारणें हाही अन्यायच होय. अमेरिकेंत दीर्घ काळ तेंच चाललें होतें. अपघात झाला कीं चालक अपराधी. १९६५ सालीं राल्फ नेडर यानें आपल्या पुस्तकांत मोटारींच्या रचनेंतील दोष चव्हाट्यावर आणले, आणि १९६६ सालीं तेथें मोटार-सुरक्षेचा कायदा झाला. त्यानंतर ब्रेकच्या तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग ठेवणें १९६८ पासून तेथील नव्या मोटारींना बंधनकारक झालें. एक नळी फुटली तरी दुसरीनें गाडी थांबावी, असा त्याचा हेतु. वेस्टिंगहाउसचें तत्त्व लहान मोटारीच्या बाबतींत असें शहाण्णव वर्षांनीं कायद्यांत आलें.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत ब्रेक, योग्यतेचा दाखला, भार यांविषयीं नियम होतेच. परंतु सदोष गाड्या परत मागविण्याची सक्ति नव्हती. २०१२ सालीं कारखानदारांनीं आपखुषीनें तशी पद्धति स्वीकारली. २०१९ च्या दुरुस्तीनें सरकारला तो अधिकार मिळाला, आणि २०२१ सालीं त्याचे नियम अंमलांत आले. ठराविक प्रमाणांत मालकांनीं एकच दोष सरकारकडे कळविला, तर त्याची चौकशी होऊन त्या गाड्या परत बोलाविण्याचा हुकूम निघूं शकतो. हा नियम सात वर्षांच्या आंतील गाड्यांनाच लागू आहे. म्हणून जुनी गाडी विकत घेऊन पोट भरणारा मालक त्याच्या कक्षेबाहेर पडण्याचा संभव अधिक.

या कायद्याचें सारें बळ मोजणींत आहे. कन्नडच्या मालकाची पट्टी एकदां तळाशीं गेली, तो ओळखीच्या मिस्त्रीकडे गेला, नवें रबर बसवून तेल भरून घेतलें, आणि धंद्यास लागला. सिल्लोडच्या मालकानेंही तेंच केलें, पैठणच्यानेंही. प्रत्येकास वाटलें, आपलीच गाडी वाईट निघाली. त्या तिघांचा दोष एकाच कारखान्यांतील एकाच भागाचा असेल किंवा नसेलही. पण ती गोष्ट कधींच कळणार नाहीं, कारण तीन तक्रारी तीन गॅरेजांत विरून गेल्या. बिल नाहीं, तारीख नाहीं, बदललेला भाग भंगारांत गेला. मोजणी झाली नाहीं तर कायदा मुका राहतो.

मग उपाय शेवटीं रस्त्यावरच शोधावा लागतो. ऑगस्ट २०२३ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें औट्रम घाटांतून अवजड वाहनांस मनाई केली. घाटांतील कोंडी आणि अपघात पाहतां तें योग्यच होतें. तथापि ती मनाई अवजड वाहनांपुरती होती, आणि भार वाढवून घाट उतरणारी पिकअप कागदोपत्रीं हलकीच असते.

बोरघाटाच्या इंजिनियरांनीं ब्रेक फसण्याआधींच त्या प्रसंगाची तजवीज केली होती. आज तेवढी दूरदृष्टि दाखविण्यास मोठें बांधकाम लागत नाहीं. मिस्त्रीकडून तारखेची पावती घ्यावी, काढलेला भाग जपून ठेवावा, पट्टी मऊ लागली कीं कठीण याची चार शब्दांत नोंद करावी, ती कारखान्याकडे आणि सरकारकडेही पाठवावी. आणि उताराला लागण्यापूर्वीं गिअर खालचा घालावा. अशी नोंद घराघरांतून होऊं लागली, तर 'ब्रेक निकामी झाल्यानें' हें वाक्य चौकशीचा शेवट न राहतां आरंभ ठरेल.