विमान उतरता उतरता पुन्हा वर का जाते? किनाऱ्यावरील डोंगरमाथ्याच्या विमानतळांची माहिती

पिंपळगाव बसवंत : ओझर विमानतळावरून मार्च २०२३ मध्ये इंडिगोची गोवा सेवा सुरू झाली आणि निफाड, दिंडोरी, चांदवडच्या लोकांना गोव्याला विमानाने जायची सोय झाली. मात्र पावसाळ्यात किनाऱ्याकडे जाणाऱ्या विमानात कधी कधी एक प्रसंग येतो. विमान खाली येते, खिडकीबाहेर नुसते ढग नि पाणी दिसते, चाके आता टेकणार असे वाटते, तेवढ्यात इंजिनाचा आवाज वाढतो आणि विमान पुन्हा वर जाते. प्रवाशांच्या पोटात गोळा येतो. काहीतरी बिघडले, असेच वाटते.

खरे तर अशा वेळी बहुतेकदा काहीच बिघडलेले नसते. वैमानिकाने जे करायला हवे तेच केलेले असते. किनाऱ्यावरच्या दोन मोठ्या अपघातांत नेमके हेच वेळेवर झाले नाही आणि १७९ जणांचा जीव गेला.

टेबलटॉप म्हणजे काय?

ओझरची धावपट्टी तीन किलोमीटर लांब आहे आणि तिच्या टोकाला दरी नाही. किनारपट्टीवर अशी जागा सहज मिळत नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, मध्ये टेकड्या नि खाड्या. म्हणून तिथे बरेच विमानतळ उंच पठारावर बांधले आहेत. सिंधुदुर्गातले चिपी आणि गोव्यातले मोपा पठारावरच आहेत. कर्नाटकातील मंगळुरू आणि केरळमधील कोझिकोड इथे डोंगराचा माथा सपाट करून धावपट्टी केली आहे. तिची टोके संपली की थेट खोल उतार. टेबलासारखी रचना, म्हणून या विमानतळांना टेबलटॉप म्हणतात.

सपाट जागी विमान धावपट्टीच्या थोडे पुढे गेले तर मातीत रुतून थांबू शकते. टेबलटॉपवर ती सवलत फार थोडी असते.

पावसाळ्यात अडचण कुठे येते?

दिसणे : ढग खाली उतरतात, पावसाच्या सरी येतात. यंत्राच्या मदतीने विमान धावपट्टीच्या रेषेत आणता येते, पण नेहमीच्या यंत्रणेत जमिनीपासून साधारण २०० फुटांवर वैमानिकाला धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसावेच लागतात. नाही दिसले तर उतरायचे नाही, वर जायचे. जिथे यंत्रणा साधी आहे तिथे हा निर्णय आणखी उंचावर घ्यावा लागतो.

वारा : विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडाला उतरवतात, म्हणजे वेग कमी राहतो. वारा मागून असेल तर तेच विमान जमिनीवर जास्त वेगाने येते आणि थांबायला जास्त जागा घेते. शिवाय डोंगराच्या कडेला आपटून वर येणारा वारा विमानाला ऐनवेळी हलवतो.

ओली धावपट्टी : बोइंग ७३७ सारखे विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने टेकते. पट्टीवर पाणी साचले तर चाके पाण्यावरून घसरतात, ब्रेक नीट पकडत नाहीत. ओल्या डांबरावर भरलेली ट्रॉली थांबवताना जे होते, तेच इथे कितीतरी पटीने होते.

नजरेचा धोका : डोंगरमाथ्यावरची पट्टी आणि खाली दरी असली की उंचीचा अंदाज चुकू शकतो. रात्री आणि पावसात तर जास्तच.

कोझिकोड, ७ ऑगस्ट २०२०

कोरोनाकाळात परदेशात अडकलेल्यांना आणण्यासाठी वंदे भारत मोहीम सुरू होती. त्यातले एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून निघालेले विमान संध्याकाळी कोझिकोडला पोहोचले. विमानात १९० जण होते. कॅप्टन होते दीपक साठे. हे मराठी वैमानिक हवाई दलातून आलेले, दांडगा अनुभव असलेले होते.

पाऊस जोरात होता. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला. विमान वर गेले. इथपर्यंत सगळे नियमाने झाले. दुसऱ्या प्रयत्नात विमान धावपट्टीच्या उलट टोकाकडून आणले गेले, तिथे वारा मागून होता. २,७०० मीटरच्या धावपट्टीवर विमान साधारण १,३५० मीटर पुढे जाऊन टेकले. म्हणजे निम्मी पट्टी हवेतच संपली होती. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना केली, पण विमान उतरवले गेले. ते पट्टी ओलांडून खाली कोसळले आणि त्याचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. विमानाने पेट घेतला नाही, म्हणून बाकीचे वाचले. कोरोनाची भीती असताना, भर पावसात आजूबाजूचे गावकरी मदतीला धावले आणि जखमींना दवाखान्यात पोहोचवले.

विमान अपघात तपास विभागाचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. ठरलेली पद्धत पाळली गेली नाही आणि वर जायला हवे असताना उतरणे चालूच ठेवले, हे अपघाताचे संभाव्य कारण त्यात दिले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहूनच कॅप्टनचे उड्डाण ठरलेले होते. तिथेच उतरण्याचा आग्रह त्यामुळेही झाला असावा, असे अहवालात नोंदवले आहे. अनुभवी माणसावरही ‘पोहोचायचेच आहे’ हा दबाव येतो, तो असा.

मंगळुरू, २२ मे २०१०

दहा वर्षे आधी मंगळुरूला जवळपास हेच घडले होते, तेही पाऊस नसताना. दुबईहूनच आलेले विमान २,४५० मीटरच्या पट्टीवर सुमारे १,६०० मीटर पुढे टेकले आणि दरीत जाऊन पेटले. १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले, आठ वाचले. तिथेही सहवैमानिकाने उतरणे सोडून देण्यास सांगितले होते, हे चौकशीत पुढे आले.

‘गो-अराउंड’ म्हणजे नापास होणे नव्हे

उतरणे सोडून विमान पुन्हा वर नेण्याला गो-अराउंड म्हणतात. वेग जास्त आहे, पट्टी दिसत नाही, वारा बदलला, पट्टीवर दुसरे विमान आहे, यांपैकी एक कारणही पुरेसे असते. त्यानंतर वैमानिक पुन्हा प्रयत्न करतो, हवेत घिरट्या घालून पाऊस ओसरायची वाट बघतो किंवा दुसऱ्या विमानतळावर जातो. दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचे आणि वर काही वेळ राहण्याचे इंधन निघतानाच भरलेले असते.

कोझिकोडच्या अपघातानंतर विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) पावसाळ्यात तिथे मोठ्या, रुंद विमानांना बंदी घातली. सपाट विमानतळावरही धोका नसतो असे नाही. १ जुलै २०१९ ला मुसळधार पावसात जयपूरहून आलेले विमान मुंबईत धावपट्टीच्या पुढे गेले आणि मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली. तिथे टोकाला दरी नव्हती. प्रवासी सुखरूप राहिले.

प्रवाशांनी काय ध्यानात ठेवावे?

जून ते सप्टेंबरमध्ये किनाऱ्याकडे जाताना लग्न, कोर्टाची तारीख, परीक्षा किंवा पुढची रेल्वे असेल तर त्याच दिवशीचे शेवटचे विमान धरू नये. मध्ये एक दिवस हाताशी ठेवावा.

शक्य असेल तर सकाळचे विमान घ्यावे. अडचण आली तर दिवसभरात दुसरी सोय होण्याची शक्यता राहते.

खराब हवामानामुळे विमान रद्द झाले तर वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही. मात्र तिकिटाचे पैसे परत किंवा दुसरे विमान, यांपैकी एक मागण्याचा हक्क प्रवाशाला आहे. मेसेज आणि तिकीट मोबाइलमध्ये जपून ठेवावे.

उतरताना पट्टा घट्ट बांधावा आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत सोडू नये. दार कुठे आहे ते बसतानाच पाहून ठेवावे. उतरायची वेळ आणीबाणीची असेल तर बॅग घ्यायला थांबू नये.

आणि विमान पुन्हा वर गेलेच, तर कर्मचाऱ्यांवर ओरडू नये. तास-दोन तास उशीर होईल, कदाचित दुसऱ्याच गावी उतरावे लागेल. घरच्यांना तसा एक फोन करावा. कोझिकोड आणि मंगळुरूच्या त्या दोन विमानांतल्या लोकांना एवढा उशीर मिळाला असता, तर ते घरी पोहोचले असते.